अंतर

उम्म अल क्वैनच्या बंद धावपट्टीवर
सकाळी सहालाच छत्तीस अंश.
पाणी मारून निसरडा केलेला डांबराचा तुकडा
सात मिनिटांत वाळतो,
टँकरवाला रफाकत पुन्हा वळसा घालून येतो.

भाग चौथा. विषय: पुढच्या गाडीपासूनचं अंतर.
रीमा, आमची निर्माती, गॉगल कपाळावर सरकवून म्हणते,
"पहिल्या आठ सेकंदांत काहीतरी फुटायला हवं,
नाहीतर लोक रिमोट उचलतात."
याकूब अल बलूशी, तेवीस वर्षं रुग्णवाहिका चालवून
आता गाडी शिकवणारा, तिला विचारतो,
"आणि फुटलंच नाही, तर ते कसं दाखवणार?"

रीमाकडे उत्तर नाही. नारिंगी ड्रम मात्र आहेत, चाळीस.

मी आवाजवाली.
त्याच्या कॉलरला माइक लावते,
मागच्या सीटवर अंग चोरून बसते,
मांडीवर रेकॉर्डर, कानांत फक्त तो.
आम्ही हमरस्त्याला लागतो.

चालवता चालवता तो बोलत राहतो. ही त्यांची रीत,
दिसेल ते मोठ्यानं म्हणायचं.
थोडं अरबी, थोडं उर्दू:
"उजवीकडे पांढरी पिकअप, चाकं वळलेली, मान मोबाइलमध्ये.
टायरचं कातडं पडलंय, म्हणजे पुढे कुणीतरी थांबलेला असणार.
आरशात लँड क्रूझर, दिवे मारतोय.
जाऊ दे बाबा, जा.
पूल. पुलाखाली सावली.
सावलीत माणूस आहे असंच धरायचं.
एक हजार एक, एक हजार दोन."

पुढे बसलेला जोमोन कॅमेऱ्यातून डोळा काढतो:
"फ्रेममध्ये काहीच नाहीये. नुसता रस्ता."

आमच्याकडे म्हणतात, अंतर देऊ नये.
माझ्या लग्नात मामानं सुधन्वाचे हात धरून हेच सांगितलं,
पोरीला अंतर देऊ नका.
त्यानं दिलं. मी शारजाला आले,
इथे हा पिकल्या दाढीचा माणूस म्हणतो, द्या.
दोन सेकंद द्या. वाळू उडत असेल तर तीन,
फेब्रुवारीच्या पहाटे धुक्यात चार,
आणि धुकं दाट असेल तर घरीच बसा, चहा प्या.

मी विचारलं,
"दिलेल्या जागेत दुसराच कुणी घुसला तर?"
"घुसणारच," तो म्हणाला. "मग पुन्हा द्या."

अकरा वेळा तोच फेरा.
कधी सूर्य काचेवर, कधी जोमोनचं कार्ड भरलेलं.

रात्री एडिटला बसलो.
रीमानं ड्रमांची आदळआपट सुरुवातीला लावली,
खाली ढोल. मी ढोल बंद केले,
याकूबचा आवाज एकटा सोडला.
पडद्यावर त्याची हिरवी रेघ,
टेकड्यांच्या ओळीसारखी.
आणि एके ठिकाणी सपाट.

"इथे माइक गेलाय का?"
नाही गं.
अकराही फेऱ्या एकाखाली एक लावल्या.
'पूल' म्हणून झाल्यावर
आणि 'सावली'च्या आधी
प्रत्येक वेळी तेवढीच सपाट जागा,
श्वाससुद्धा नाही.
इंजिन तेवढं चालू.

तेवीस वर्षांत त्या पुलाखाली काय होतं, कोण होतं,
मी विचारलं नाही, रीमानंही नाही.
ती खुर्चीवर मांडी घालून बसली,
हेडफोन लावून ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिली.
मग म्हणाली, "हे कापू नकोस."
ड्रम मात्र सुरुवातीला राहिलेच, चॅनेलला हवे होते.

दोन वाजता माझी जुनी सनी घेऊन निघाले.
एकटी, मराठीत:
"डावीकडे टँकर. पुढे टॅक्सी, दिवा लावलेला.
सायकलवाला, उलट्या बाजूनं, डबा हँडलला.
एक हजार एक, एक हजार..."
मध्ये कुणीतरी घुसला.
मी पाय उचलला.
एक हजार एक